आजीनं घेतलेली गोळी

एका बाईला दिवस गेले आहेत. पाचवा महिना चालू आहे, पोटात मुलगी आहे. त्या मुलीच्या इवल्याशा बीजकोशांत या घडीला साठ ते सत्तर लाख बीजांडं आहेत. पुढच्या सगळ्या आयुष्यात तिच्याकडे एवढी बीजांडं पुन्हा कधी नसतील. जन्मापर्यंत त्यांतली दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. पंचवीस-तीस वर्षांनी ही मुलगी आई होईल, तेव्हा तिचं बाळ ज्या बीजांडापासून वाढेल ते आज आजीच्या पोटात आहे.

म्हणजे गर्भारपणात घेतलेली एखादी गोळी एकाच वेळी तीन पिढ्यांपर्यंत पोचू शकते. गोळी घेणारी बाई, तिच्या पोटातलं मूल आणि त्या मुलाच्या शरीरात तयार होत असलेली बीजं. बहुतेक औषधांमुळे असं काही बिघडत नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. पण एका औषधामुळे बिघडलं. लाखो बायकांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं, मूल टिकावं म्हणून घेतलं आणि त्याचे परिणाम त्यांच्या मुलींनी सोसले. नातवंडांपर्यंत काय काय पोचलं, याचा हिशेब अजून चालू आहे. त्या औषधाचं नाव डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे डीईएस म्हणतात.

१९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रसायन तयार केलं. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक जे काम करतं ते हे करत होतं आणि ते तोंडानं गोळी घेऊनही. नैसर्गिक इस्ट्रोजेन त्या काळी महाग होतं आणि गिळलं तर फारसं लागू पडत नसे. डॉड्स यांनी डीईएसचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ते कुणालाही बनवता येत होतं. पुढे एकट्या अमेरिकेत दोनशेहून अधिक कंपन्यांनी ते वेगवेगळ्या नावांनी विकलं.

गर्भपात टाळण्यासाठी ते द्यावं ही कल्पना बॉस्टनमधल्या ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ या संशोधक दांपत्याची. ज्यांचं गर्भारपण अडचणीत येतं अशा बायकांत काही संप्रेरकं कमी पडतात असं त्यांना दिसलं होतं. डीईएस दिलं की शरीर ती पुन्हा पुरेशी बनवेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी डोस ठरवून दिला: सातव्या आठवड्याच्या सुमारास रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात आणि मग वाढवत वाढवत पस्तिसाव्या आठवड्यात रोज १२५ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९४७ मध्ये या वापराला परवानगी दिली. १९४८ साली स्मिथबाईंनी ६३२ गर्भारपणांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तो आशादायक वाटला. पण त्या अभ्यासात मोठी उणीव होती. औषध न घेतलेल्या, तशाच परिस्थितीतल्या बायकांशी नीट तुलनाच केलेली नव्हती. ज्या बाईकडे डॉक्टर जास्त लक्ष देतात, जिला विश्रांती आणि धीर मिळतो, तिचं बाळंतपण एरवीही बरं होऊ शकतं. मग श्रेय गोळीला द्यायचं की बाकीच्या गोष्टींना?

हा प्रश्न शिकागो विद्यापीठातल्या विल्यम डीकमन यांनी सोडवला. त्यांनी ८४० गर्भवतींना डीईएस दिलं आणि ८०६ जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कुणाला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. १९५३ मध्ये निकाल आला: काहीही फायदा नाही. गर्भपात कमी झाले नाहीत, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही कमी झाली नाहीत. पुढे १९७८ मध्ये याच आकडेवारीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा तर डीईएस घेणाऱ्यांत गर्भपात आणि नवजात बाळांचे मृत्यू जास्त होते असं निघालं.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत जिव्हारी लागणारं वर्ष माझ्या मते १९५३ आहे. औषध निरुपयोगी आहे हे त्या वर्षी ठरलं होतं. तरीही ते पुढची अठरा वर्षं अमेरिकेत गर्भवतींना दिलं जात राहिलं. १९५७ साली वैद्यकीय नियतकालिकात एका ब्रँडची जाहिरात छापून आली. त्यात ते ‘सर्व’ गर्भारपणांत नेहमीचा उपाय म्हणून सुचवलं होतं आणि बाळं मोठी, सशक्त होतील असं आश्वासन होतं. काही गोळ्यांत डीईएससोबत जीवनसत्त्वंही होती, त्यामुळे आपण टॉनिक घेतोय अशीच कित्येक बायकांची समजूत राहिली. डीकमन यांच्या अभ्यासातल्या बायकांनाही आपल्यावर प्रयोग होतोय हे नीट सांगितलेलं नव्हतं. त्यांतल्या काहीजणी वीस-पंचवीस वर्षांनी न्यायालयात गेल्या त्या याच कारणासाठी.

धोक्याची चिन्हं तर त्याहून आधीची होती. १९३८ मध्येच डॉड्स यांच्या गटाला प्राण्यांत दिसलं होतं की अशी औषधं सुरुवातीचं गर्भारपण मोडू शकतात. १९३९ मध्ये गाभण उंदरांना इस्ट्रोजेन दिल्यावर पिल्लांच्या जननेंद्रियांची घडण बिघडल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवलं होतं. हे सगळं छापलेलं, उपलब्ध होतं.

मग वीस वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण बाळं दिसायला ठणठणीत होती. थॅलिडोमाइड या दुसऱ्या औषधानं १९६० च्या आसपास दहा हजारांहून अधिक मुलांचे हातपाय आखूड राहिले. ते जन्मतःच दिसलं आणि काही वर्षांत औषध बंद झालं. डीईएसचा घाव आत होता आणि तो उघडा पडायला मुली वयात याव्या लागल्या.

१९६६ ते १९६९ या काळात बॉस्टनमधल्या डॉक्टरांकडे एकापाठोपाठ एक मुली येऊ लागल्या. वय १५ ते २२ आणि योनिमार्गात कर्करोग. या जागेचा कर्करोग तसा विरळाच आणि झाला तर सहसा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना. शिवाय यांच्यात ‘क्लिअर सेल’ नावाचा, ग्रंथींसारख्या पेशींपासून वाढणारा दुर्मीळ प्रकार होता. डॉक्टरांना कारण सापडेना. एका मुलीच्या आईनं डॉक्टर हॉवर्ड उल्फेल्डर यांना विचारलं, हिच्या वेळी मी ते डीईएस घेतलं होतं, त्यानं तर नसेल झालं? सुरुवातीला ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं. पण पुढच्या मुलीच्या आईला तोच प्रश्न विचारला गेला आणि उत्तर ‘हो’ आलं.

मग आर्थर हर्ब्स्ट, उल्फेल्डर आणि डेव्हिड पॉस्कांझर यांनी रीतसर अभ्यास केला. आठ मुली आजारी. प्रत्येकीमागे त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली निवडल्या, म्हणजे बत्तीस. सगळ्यांच्या आयांना गर्भारपणाबद्दल विचारलं. आजारी आठांपैकी सात जणींच्या आयांनी डीईएस घेतलं होतं. निरोगी बत्तिसांपैकी एकीच्याही आईनं घेतलेलं नव्हतं. एप्रिल १९७१ मध्ये हा निबंध छापून आला आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गर्भवतींना डीईएस देऊ नये असं सांगितलं. फ्रान्समध्ये मात्र ते १९७७ पर्यंत दिलं जात होतं. अमेरिकेत या औषधाच्या संपर्कात आलेल्या आया आणि मुलं मिळून संख्या ५० लाख ते १ कोटी असावी असा अंदाज आहे.

पोटातल्या गर्भात नेमकं काय बिघडलं?

संप्रेरक म्हणजे रक्तातून धाडलेला निरोप. ज्या पेशीला तो वाचता येतो तीच त्याप्रमाणे वागते. मोठ्या माणसाच्या शरीरात निरोप आला, काम झालं, निरोप संपला, पेशी पुन्हा पूर्ववत. गर्भात तसं नसतं. तिथे पेशी अजून ‘मी कोण होणार’ हे ठरवत असतात, आणि त्या घडीला आलेला निरोप कायमचा होऊन बसतो.

गर्भवतीच्या स्वतःच्या शरीरातही इस्ट्रोजेन भरपूर असतं. मग त्यानं गर्भाचं नुकसान का होत नाही? कारण त्यातलं बरंचसं रक्तातल्या एका प्रथिनाला चिकटलेलं असतं, मोकळं फिरत नाही. डीईएस या प्रथिनाला फारसं चिकटतच नाही. ते मोकळं राहतं, वार ओलांडून गर्भापर्यंत जातं आणि तिथे खऱ्या इस्ट्रोजेनच्या तोडीस तोड किंवा त्याहून जोरानं काम करतं. निसर्गानं घातलेला बांध त्याला अडवू शकत नाही.

सुरुवातीला प्रत्येक गर्भात, मुलगा असो वा मुलगी, नलिकांच्या दोन जोड्या असतात. त्यांतल्या म्युलेरियन नलिकांपासून मुलीच्या गर्भनलिका, गर्भपिशवी आणि योनिमार्गाचा वरचा भाग घडतो. कुठला भाग काय बनणार हे काही जनुकांच्या क्रमवार चालू-बंद होण्यावर ठरतं, आणि डीईएस नेमका हा क्रम विस्कटतं. एरवी योनिमार्गाच्या अस्तरात ग्रंथींसारख्या पेशी जाऊन त्यांच्या जागी चपट्या, टणक पेशी येतात. डीईएस मिळालेल्या कित्येक मुलींत ही अदलाबदल अर्धवट राहिली. भलत्या जागी राहून गेलेल्या या पेशी लहानपणी गप्प असतात. मुलगी वयात आली, तिचं स्वतःचं इस्ट्रोजेन वाहू लागलं, की त्यांतल्या थोड्या मुलींत कर्करोगाची सुरुवात होते. पंधरा-वीस वर्षांच्या विलंबाचं उत्तर यात आहे. गर्भपिशवीचंही तसंच. नेहमीच्या पेरूसारख्या आकाराऐवजी अनेकींची पिशवी आतून इंग्रजी टी अक्षरासारखी अरुंद राहिली, पिशवीच्या तोंडाची ठेवण बदलली.

किती गोळ्या घेतल्या यापेक्षा त्या कितव्या आठवड्यात घेतल्या, याला इथे फार महत्त्व आहे. ज्यांच्या आयांनी पहिल्या बारा आठवड्यांतच औषध सुरू केलं, त्या मुलींत कर्करोगाचा धोका सगळ्यांत जास्त निघाला.

तरी हा कर्करोग हजारात सुमारे एकीला झाला. उरलेल्या ९९९ जणींची सुटका झाली असं मात्र नाही, आणि त्यांच्या दुःखाकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. त्यांनी आई व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांना कळलं. अमेरिकेत हजारो ‘डीईएस मुलीं’चा अनेक दशकं पाठपुरावा झाला आणि २०११ मध्ये ते आकडे एकत्र प्रसिद्ध झाले. ४५ वर्षांपर्यंत वंध्यत्वाला सामोरं जावं लागलेल्या ३३ टक्के, तर डीईएस न मिळालेल्या बायकांत हेच प्रमाण १५ टक्के. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण ५३ टक्के, इतरांत १८. गर्भ पिशवीऐवजी नलिकेत राहणं १५ टक्के, इतरांत ३. चौथ्या ते सहाव्या महिन्यात गर्भ जाणं १६ टक्के, इतरांत २ टक्क्यांहून कमी. पाळी लवकर जाणं आणि चाळिशीनंतर स्तनाचा कर्करोग, हेही जास्त. गोळी दिली होती ती पहिल्या पिढीचा गर्भ टिकावा म्हणून, आणि दुसऱ्या पिढीचे गर्भ टिकेनासे झाले.

मुलग्यांतही परिणाम दिसले. वृषण खाली न उतरणं, वृषणामागच्या नळीत पाण्याच्या गाठी. गोळ्या घेतलेल्या आयांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळला.

नातवंडांपर्यंत काय पोचलं?

इथून पुढे जपून पावलं टाकायला हवीत. उंदरांचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य संस्थेत जॉन मॅकलाक्लन आणि रेथा न्यूबोल्ड यांनी गाभण उंदरांना डीईएस दिलं. त्यांच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांचा संयोग औषधाशी संबंध न आलेल्या नरांशी घडवला. या जोड्यांच्या मुलींत, म्हणजे नातींत, म्हातारपणी गर्भपिशवीचे कर्करोग दिसले. या नातींना स्वतः औषध कधीच मिळालं नव्हतं.

मग निरोप पोचला कसा? जनुकांची अक्षरं बदलली नव्हती. बदल त्या अक्षरांवरच्या खुणांत होतो असं मानलं जातं. आपल्या डीएनएवर जागोजाग मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. पोथीत कुणी पानापानांवर ‘हे वाचा’, ‘हे सोडा’ अशा खुणा कराव्यात, तसे. डीईएस मिळालेल्या उंदरांच्या गर्भपिशवीत अशा काही खुणा बदललेल्या सापडल्या आहेत. आणि बीजपेशी तयार होत असताना, म्हणजे नेमक्या गर्भावस्थेतल्या त्या आठवड्यांत, जुन्या खुणा पुसल्या जातात आणि नंतर नव्यानं उमटवल्या जातात. या पुसापुशीत परक्या संप्रेरकानं ढवळाढवळ केली तर चुकीची खूण पुढे जाऊ शकते.

एक फरक मात्र नेहमी गाळला जातो. नातीचं बीजांड आजीच्या गर्भारपणात हजर होतं, म्हणजे नातीलाही औषधाचा थेट स्पर्श झालेला असू शकतो. खरा ‘वारसा’ म्हणायचा तर परिणाम पणतीत दिसायला हवा, कारण तिच्यापर्यंत औषध कुठल्याच वाटेनं पोचलेलं नसतं. २००५ मध्ये मायकेल स्किनर यांच्या गटानं विंक्लोझोलिन या बुरशीनाशकानं उंदरांच्या चार पिढ्यांत नरांचे शुक्राणू बिघडल्याचं दाखवलं आणि मोठी खळबळ उडाली. पण सगळ्या प्रयोगशाळांना तसाच निकाल मिळाला नाही. डीईएसच्या बाबतीत माणसांची चौथी पिढी अजून लहान आहे.

नातवंडांबद्दलची पहिली मोठी बातमी २००२ मध्ये नेदरलँड्समधून आली. डीईएस मुलींच्या मुलग्यांत मूत्रमार्गाचं छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असण्याचा दोष वीसपट जास्त आढळला. वीसपट ऐकून छातीत धस्स होतं. पण तो आकडा २०५ मुलग्यांतल्या चौघांवर उभा होता. चारऐवजी दोन असते तर आकडा निम्मा झाला असता. नंतरच्या बहुतेक अभ्यासांत धोका दिसला, पण बराच कमी. नातींत पाळी अनियमित असणं आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं यांचं प्रमाण थोडं जास्त मिळालं आहे. २०१८ मध्ये ४७,५४० परिचारिकांच्या माहितीवरून असं निघालं की, ज्यांच्या आयांनी डीईएस घेतलं होतं त्यांच्या मुलांत अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याचा विकार ७.७ टक्के होता, इतरांत ५.२. हा संबंध प्रश्नावलीतून मिळालेला आहे, तो कारण सिद्ध करत नाही. आणि आजीला डीईएस मिळालं म्हणून नातींत क्लिअर सेल कर्करोग वाढला, असा पुरावा माणसांत नाही. ज्यांच्या आजीनं गोळ्या घेतल्या होत्या त्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

या प्रकरणातून कायद्यालाही नवी वाट काढावी लागली. आजारी मुलीला भरपाई मागायची तर कुणाकडे? आईनं पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली गोळी नेमकी कुठल्या कंपनीची होती हे कसं सिद्ध करणार? चिठ्ठ्या हरवलेल्या, दवाखान्यांचे कागद नष्ट झालेले. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशा वेळी ज्या कंपनीचा बाजारात जेवढा वाटा होता, तेवढ्या वाट्यानं तिनं नुकसानभरपाई द्यावी. नाव सिद्ध करण्याचा अशक्य भार मुलींच्या डोक्यावरून त्यामुळे उतरला.

गोष्ट जुनी झाली असं कुणाला वाटेल. पण अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टाळण्यासाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे कृत्रिम संप्रेरकाचं इंजेक्शन बघा. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये घाईच्या मार्गानं मंजुरी मिळाली, नंतरच्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही, आणि परवानगी रद्द व्हायला एप्रिल २०२३ उजाडलं. मधल्या काळात, २०२१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या जुन्या नोंदींवरून असं दिसलं की १९६० च्या दशकात पोटात असताना हे औषध मिळालेल्यांना मोठेपणी कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. अशा व्यक्ती फक्त २३४ होत्या, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण क्रम तोच: आधी आशा, मग वापर, आणि उपयोग होतो का याची कसून तपासणी सगळ्यांत शेवटी.

हे वाचून कुणी गर्भवती स्वतःची औषधं बंद करेल, याची मला खरी भीती आहे. तसं करू नका. इन्सुलिन हे संप्रेरक आहे, थायरॉइडची गोळीही संप्रेरकच आहे. ती शरीरात कमी पडलेली गोष्ट भरून काढतात आणि ती न घेतल्यानं आई-बाळाला धोका होतो. डॉक्टरांना दोन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. या औषधाचा फायदा, औषध न घेतलेल्या बायकांशी तुलना करून सिद्ध झालाय का? आणि नेमक्या याच आठवड्यात ते गरजेचं आहे का? मग औषधाचं नाव, डोस, कितव्या आठवड्यापासून कितव्यापर्यंत, हे वहीत लिहून ठेवावं आणि मूल मोठं झालं की ती वही त्याच्या हाती द्यावी.

ज्या मुलींना आईच्या पोटात डीईएस मिळालं, त्या आज वयस्कर झाल्या आहेत. त्यांनी दरवर्षी तपासणी करावी, आणि नमुना फक्त पिशवीच्या तोंडाचा न घेता योनिमार्गाच्या चारही बाजूंचाही घ्यायला सांगावा. काही कारणानं पिशवी काढलेली असली तरी ही तपासणी लागते. चाळिशीनंतर स्तनांची तपासणीही चुकवू नये. आईचे कागद सापडत नसतील, आई सांगायला उरली नसेल, तरी टीसारखी पिशवी किंवा योनिमार्गात राहून गेलेल्या ग्रंथीपेशी बघून जाणकार डॉक्टरांना संशय येऊ शकतो. जन्म १९४० ते १९७० च्या दशकांतला आणि आई त्या वेळी अमेरिकेत किंवा युरोपात होती, एवढं सांगितलं तरी त्यांना शोधाची दिशा मिळते. तिचे आधीचे गर्भ गेले होते का, तिला गर्भारपणात अंगावरून रक्त जात होतं का, हे एखाद्या मावशीला किंवा आत्याला अजून आठवत असेल.